परबकाकांच्या गाडीतला धक्का

“गाडी धक्का मारते.”

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बसून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता रिटायर झाल्यावरही कुणी सोसायटीच्या जिन्यात तसं म्हणालं तर माझा हात खिशात पेन शोधतो. माजिवड्याजवळच्या एका डीलरकडे मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होतो. त्याआधी काही वर्षं आत शेडमध्ये, हातात पाना घेऊन. अ‍ॅडव्हायझर म्हणजे नक्की काय करतो, हे डोंबिवलीतल्या माझ्या शेजाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. गिऱ्हाईक त्याच्या भाषेत तक्रार सांगतं, ती आपण मेकॅनिकच्या भाषेत जॉबकार्डवर लिहायची. संध्याकाळी मेकॅनिकने जे केलं ते परत गिऱ्हाइकाच्या भाषेत सांगायचं. दुभाष्याचं काम, फक्त दोन्हीकडून बोलणी खायची.

एक बाई यायच्या, त्या दरवेळी म्हणायच्या, “गाडी नाराज आहे हो.” मी जॉबकार्डवर ‘पिकअप कमी’ असं लिहायचो. एक गृहस्थ काढलेलं जुनं तेल कॅनमध्ये भरून घरी न्यायचे. गावच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना घालतो म्हणायचे. एवढं तेल, म्हणजे यांच्या गावी फाटकं तरी किती, असा मला प्रश्न पडायचा, पण विचारलं नाही कधी.

ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या तसं हे धक्क्याचं प्रकरणही वाढलं. साध्या गाडीत गिअर आपण हाताने बदलतो, तिथलं तेल फक्त चाकांच्या दात्यांना वंगण देतं. ऑटोमॅटिकमध्ये मात्र तेलच कामाला असतं. इंजिनाची ताकद तेच पुढे नेतं, आतल्या प्लेटा तेच दाबतं, गिअर तेच बदलतं. नवं असताना कोकम सरबतासारखं लालभडक दिसतं. वापरून वापरून काकवीसारखं होतं. मग गिअर बदलताना गाडी मध्येच अडखळते, पाठीला कुणी हलकेच ढकलल्यासारखं वाटतं. काही कंपन्या पुस्तकात लिहितात, हे तेल गाडीच्या आयुष्यभर बदलायला नको. आमच्या शेडमध्ये यावर एकच प्रश्न असायचा, आयुष्य नक्की किती धरलंय?

बदलायचं कामही वाटतं तितकं सोपं नाही. खालचा बोल्ट उघडला की निम्मंच तेल बाहेर येतं, उरलेलं आत दडून बसतं. म्हणून थोडी गाडी चालवून पुन्हा एकदा काढायचं, पुन्हा भरायचं. पातळी बघायची तीही इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक गरम झाल्यावर. घाई करणाऱ्याचं हे काम नाही.

परबकाकांना घाई नव्हती. एका सोमवारी सकाळी, आम्ही शटर उघडायच्या आधीच ते गाडी घेऊन दारात उभे होते. दत्ताराम परब, राहणार कळवा. पंच्याहत्तरीच्या आसपासचे, अंगाने बारीक, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. कारखाना बंद पडला, पण बोटांना सवय राहिली होती. बोलताना काउंटरच्या कडेवरून अंगठा फिरवायचे, धार तपासल्यासारखा. गाडी छोटीशी, ऑटोमॅटिक, डावा गुडघा बदलल्यानंतर सेकंडहँड घेतलेली. क्लच दाबायला नको म्हणून.

“धक्का मारते,” काका म्हणाले. “सिग्नलवरून निघताना, थांबताना. मला चालेल हो. अण्णाला चालत नाही.”

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. शहाडला मुलाकडे राहत होते. लहानपणी काकांना गावाहून आणलं, शिकवलं, कामाला चिकटवलं ते अण्णांनी. स्वतः ते एका कंपनीत साहेबांचे ड्रायव्हर होते, निवृत्त होईपर्यंत. आता त्यांची आठवण गेली होती. मुलगा, सून, नातवंडं, कुणीच ओळखीचं उरलं नव्हतं. घरात दिवसभर अस्वस्थ येरझाऱ्या घालायचे. फक्त गाडीत बसले की शांत व्हायचे. म्हणून दर रविवारी काका कळव्याहून शहाडला जायचे आणि भावाला गाडीत घालून नदीच्या बाजूने तास-दोन तास फिरवून आणायचे.

“पुढे बसवत नाही मी त्याला,” काका सांगत होते. “पुढे बसला की हात गिअरकडे जातो त्याचा. मागे बसतो. पण हल्ली धक्का बसला की दचकतो आणि हात जोडतो. म्हणतो, सॉरी साहेब. त्याला वाटतं गाडी तोच चालवतोय आणि साहेबांना धक्का बसला.” जरा थांबून ते म्हणाले, “चाळीस वर्षांत एकदाही साहेबांना सॉरी म्हणायची वेळ आणली नव्हती त्याने. आता माझ्यामुळे म्हणतो. तेवढा धक्का काढा, शिंदे.”

जॉबकार्डवर मी लिहिलं, ‘गिअर शिफ्ट जर्क, एटीएफ बदलणे’. एटीएफ म्हणजे हेच गिअरबॉक्सचं तेल. दुसरं काही लिहायला तिथे जागाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंगळवारी तेल बदललं, दोनदा काढून भरलं. मी स्वतः गाडी चालवून पाहिली. आधी पहिल्यातून दुसऱ्यात जाताना बारीकसा झटका होता, तो गेला होता. गाडी लोण्यासारखी चालत होती. दुपारी काका आले तेव्हा मी त्यांना बाटलीत ठेवलेलं जुनं तेल दाखवलं. त्यांनी ते बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला आणि रुमालाला बोट पुसलं. गाडी धुवायला गेली होती. मी म्हटलं, तासाभरात देतो.

त्या तासाभरात फोन आला. काकांची मुलगी केतकी. कल्याणला एका पतपेढीत नोकरी करायची. काकांची पत्नी वारल्यापासून वडिलांचं सगळं तीच बघायची.

“शिंदे साहेब, एक विनंती आहे. बाबांना सांगा ना, गिअरबॉक्स गेला म्हणून.”

“पण तो चांगला आहे, मॅडम. आत्ताच बघितला मी.”

“माहितीये हो मला. पण मी सांगून ते ऐकत नाहीत. गेल्या महिन्यात सोसायटीच्या गेटला गाडी ठोकली त्यांनी. म्हणतात गाडीने धक्का मारला. मला ऑफिसात दर रविवारचं टेन्शन शुक्रवारपासून येतं. तुमचं ऐकतील ते. दुरुस्त होत नाही म्हणा, विकून टाका म्हणा.” मग आवाज बारीक झाला. “मला त्यांना म्हातारं म्हणायचं नाहीये, काका. गाडीच म्हातारी झाली असं सांगा ना.”

साहेबाचा काका झाला की माणूस अडकतो. मी तिला सांगितलं की असं खोटं मी बोलत नाही. आणि फोन ठेवून बाहेर गेलो आणि अर्धं खोटं बोललो. काकांना म्हटलं, “एक पार्ट बदलावा लागेल असं वाटतंय. मागवलाय. चार-पाच दिवस लागतील.”

मला वाटलं होतं, तेवढ्यात बाप-लेक आपसात काय ते ठरवतील. माझी जबाबदारी मी एका न येणाऱ्या पार्टवर ढकलली.

काका बुधवारी आले. कळव्याहून शेअर रिक्षा, मग आणखी एक रिक्षा. म्हणाले, “सहज आलो.” वेटिंग रूमला एक मोठी काच होती, तिच्यातून शेड दिसायची. कोपऱ्यात त्यांची गाडी उभी होती. ते तिच्याकडे बघत तासभर बसले, चहा घेतला आणि गेले. गुरुवारी आले. शुक्रवारी आले. शनिवारी येताना मेकॅनिक पोरांसाठी खोबऱ्याच्या वड्या घेऊन आले. “पार्ट आला का?” असं एकदाही विचारलं नाही. मी मात्र दरवेळी स्वतःहून सांगायचो, अजून आला नाही. वडी माझ्यासमोर धरली तेव्हा मी डायबेटिस आहे म्हणून टाळली. तेही खोटंच. तो तर त्यांना होता.

रविवार गेला. सोमवारी सकाळी काका आले तेव्हा शर्टाला इस्त्री नव्हती.

“काल पुतण्याचा फोन आला होता,” ते म्हणाले. “अण्णाला वार कळत नाही, काही कळत नाही. पण काल सकाळी स्वतःच पांढरा शर्ट घालून दारात खुर्चीवर बसला. दुपारी जेवायला उठेना. साहेब यायचेत म्हणाला. संध्याकाळपर्यंत बसला होता.”

मला पुढे ऐकवेना. मी किल्ली काढली. “काका, चला. गाडी तयार आहे. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. ट्रायल घेऊ.”

सर्व्हिस रोडला लागलो. काका चालवत होते आणि गाडी धक्के मारत होती.

नवं तेल, ठणठणीत गिअरबॉक्स, मी स्वतः तपासलेला. तरी प्रत्येक वेळी थांबताना मान पुढे जात होती. निघताना पाठ सीटवर आपटत होती. मी खाली बघायला लागलो. काकांचा उजवा पाय ब्रेकवर यायचा तो अलगद नाही, दगड टाकल्यासारखा. आणि पाय उचलायच्या आधी काका दरवेळी मान खाली घालून बघत होते, पाय कुठे आहे ते. क्षणभरच. पण रस्त्यावरून नजर काढून.

पुढे एक रिक्षा थांबली. भाजीची मोठी पिशवी घेऊन एक बाई उतरत होती. काकांनी ब्रेक दाबला असं त्यांना वाटलं. पाय अ‍ॅक्सिलरेटरच्या कडेवर होता. गाडी पुढे झेपावली. मी लिव्हर न्यूट्रलला ढकलला आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. इंजिन जागच्या जागी किंचाळलं. गाडी थांबली तेव्हा रिक्षा आणि आमच्यात एका माणसाला उभं राहता आलं असतं, इतकीच जागा होती. बाईंना काही कळलंही नाही. त्या पिशवी सावरत निघून गेल्या. कोथिंबिरीच्या दोन काड्या रस्त्यावर पडल्या.

मी गाडी कडेला घेतली. म्हणजे काका उतरून डावीकडे आले आणि मी स्टिअरिंगवर. इंजिन बंद केलं.

“शिंदे,” काका म्हणाले, “तो पार्ट आला होता का?”

“पार्ट नव्हताच, काका.”

“केतकीने सांगितलं ना?”

मी मान हलवली.

“मला मंगळवारीच कळलं. तेल बोटावर घेतलं ना मी. काळं होतं, पण जळकं नव्हतं. धातूचा कीस लागला नाही हाताला. आयुष्यभर कारखान्यात तेलं हुंगली आहेत. असल्या तेलात गिअरबॉक्स मरत नाही.”

“मग बोलला का नाहीत? रोज येऊन बसायचात...”

काकांनी समोरच्या काचेकडे बघत सांगितलं, “म्हटलं, शिंदे पार्ट म्हणतायत तर असेलही. पार्ट असला तर बरंच. पार्ट बदलता येतो.” मग उजव्या पायावर हात ठेवला. “ह्याच्यात गेल्या गणपतीपासून जीव नाही. फरशी गार की गरम, कळत नाही. पेडलवर आहे की नाही ते बघावं लागतं. शुगरचं आहे. डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण ते पहिलं काय बोलतील ते मला ठाऊक होतं. तुमच्याकडे तेल बदलायला आलो.”

इतकी वर्षं मी लोकांच्या तक्रारी जॉबकार्डवर उतरवल्या. त्या सोमवारी खरी तक्रार काय होती हे मला आठवडाभर कळलं नव्हतं, आणि ज्याची तक्रार त्याला पहिल्यापासून कळलेलं होतं.

मला आजही टोचतं ते हे. केतकीची भीती शंभर टक्के खरी होती. मी ती नीट ऐकली असती, काकांना त्याच मंगळवारी शेजारी बसवून विचारलं असतं, “काका, पाय कसा आहे?” तर ते बोलले असते. माणूस सांगायला तयार होता. पण मी गिअरबॉक्स सोडून दुसरं काही विचारलंच नाही. आणि माझ्या त्या अर्ध्या खोट्यापायी शहाडला एक म्हातारा माणूस रविवारभर दारात बसून राहिला.

मी केतकीला फोन करून बोलावून घेतलं. ती हाफ डे टाकून आली, धापा टाकत. वेटिंग रूममध्ये आम्ही तिघं बसलो. केतकी फोनवर काय म्हणाली होती ते मी सांगितलं. रिक्षाचं काकांनी स्वतःच सांगितलं, काही न लपवता. काकांनी माझ्याकडून किल्ली मागून घेतली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

“ही घे. मला म्हातारं म्हणायचं नव्हतं ना तुला? मीच म्हणतो.”

केतकी रडायला लागली. “बाबा, मला गाडी घ्यायची नव्हती हो तुमच्याकडून.”

“गाडीचं नाही गं. रविवारचं काय करायचं ते सांग. अण्णाचं काय?”

तिच्याकडे लायसन्स होतं. कॉलेजात असताना काढलेलं. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नव्हता. क्लच सोडताना गाडी बंद पडायची आणि मागचे हॉर्न वाजवायचे, तेव्हापासून धसका घेतला होता. मी म्हटलं, “ह्या गाडीला क्लचच नाही. दोन पेडल आणि एक पाय. बुधवारी माझी ड्यूटी दुपारची असते. सकाळी सातला येतो कळव्याला.”

“तुम्ही कशाला, काका?” ती म्हणाली.

कशाला ते मला माहीत होतं. सांगितलं नाही.

सहा बुधवार मी डोंबिवलीहून कळव्याला गेलो. खारेगावच्या बाजूला सकाळी रस्ता मोकळा असतो. केतकी आधी इतकी हळू चालवायची की सायकलवाले पुढे जायचे. पण पाय हलका होता तिचा. ब्रेक असा लावायची की डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली हलायची नाही. ते वडिलांकडूनच आलं असणार. टूलरूमचा हात तिच्या पायात उतरला होता. काका मागच्या सीटवरून सूचना द्यायचे. तिसऱ्या बुधवारी मी त्यांना घरीच बसायला सांगितलं.

मधल्या रविवारी पुतण्या रिक्षाने अण्णांना फिरवायचा, पण ते निम्म्यात उतरायला बघायचे. काकांनी डॉक्टरांना पाय दाखवला. गोळ्या सुरू झाल्या, रात्री झोपताना, कुठे जखम नाही ना म्हणून, तळवे आरशात बघायचे असं ठरलं. गेलेली संवेदना परत येणार नाही हेही सांगितलं गेलं. काकांनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा आवाज अगदी सरळ होता. “आहे त्यात चालवायचं,” म्हणाले, आणि मग स्वतःच हसले, “म्हणजे चालवायचं नाही.”

सातव्या रविवारी त्यांनी मलाही बोलावलं. शहाडला पोचलो तर अण्णा दारातच होते. उंच, वाकलेले, पांढरा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. कुणाकडे बघितलं नाही. सरळ गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत बसले. केतकी स्टिअरिंगवर, मी तिच्या शेजारी, काका मागे भावाजवळ.

केतकीने गाडी काढली. गिअर कधी बदलले कळलंही नाही. अण्णा खिडकीतून बघत होते. मी माझ्या डोक्यावरच्या सनशेडचा आरसा उघडून मागे नजर ठेवून होतो. हात जोडले जातात का, ते बघत होतो. अण्णांचे हात मांडीवर होते, सैल. काकांनी बराच वेळ विचार करून आपला हात त्यांच्या हातावर ठेवला.

“इतकी वर्षं ह्याला फिरवतोय,” काका मला म्हणाले, “पण मी पुढे, हा मागे. रस्ता सोडून बघता यायचं नाही. ह्याच्या हातावर एवढे डाग कधी आले?”

केतकीने नजर रस्त्यावरच ठेवली.

नदीच्या कडेला एक चहाची टपरी होती, तिथे थांबलो. खडी पसरलेली होती. काका आधी उतरले आणि टपरीकडे चालायला लागले. पाय सुजतो म्हणून ते सँडलचा पट्टा सैल ठेवायचे. उजवी सँडल गाडीतच राहिली. अनवाणी पाय खडीवर पडत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. चार पावलं गेले, पाच गेले. केतकीने बघितलं आणि ती धावणार एवढ्यात मागून अण्णा उतरले. हातात सँडल.

“थांब,” अण्णा म्हणाले. त्या दिवसातला त्यांचा पहिला शब्द.

काका थांबले, मागे वळले. अण्णा त्यांच्यासमोर खडीवर उकिडवे बसले. गुडघे कडकडलेले मला ऐकू आले.

“पाय दे.”

काकांनी पाय पुढे केला. तोल जाऊ नये म्हणून भावाच्या खांद्यावर हात ठेवला. समोर कोण उभं आहे हे अण्णांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी वर बघितलंच नाही. तळव्याला चिकटलेले दोन खडे हाताने झाडले, बोटं एकेक करून आत सरकवली, पट्टा ओढून बक्कल लावलं आणि अंगठा घालून बघितलं, काचत तर नाही ना. मग दुसऱ्या पायाकडे वळले आणि तोही पट्टा एकदा तपासून बघितला.